गगनयुद्धाचा चित्रकार पॉल नॅश

बाहेर पावसाने अंधारून आले असता आणि फळ्यावर त्रैराशिक चालू असता, वहीच्या शेवटच्या पानावर विमानांची लढाई काढली नाही असा विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाही. त्या लढाईचे नियम ठरलेले असतात. दोन विमाने अगदी जवळ येतात, त्यांच्यामधील मोकळ्या जागेत पेन्सिलीच्या टिंबांनी गोळ्यांचा वर्षाव होतो, आणि ज्या विमानावर शत्रूची खूण असते त्याच्या शेपटास आग लागून ते पानाच्या खालच्या कोपऱ्यात कोसळते. छापील चित्रांतही बहुधा हाच थाट असतो. हात तेवढा अधिक बसलेला आणि रंग अधिक चकचकीत.

अशा चित्रांची गोडी आम्हांस नाही असे नाही. परंतु आकाशातील युद्धाचे जे चित्र आमच्या मते सर्वांत थोर होय, त्यात यांपैकी काहीच नाही. त्यात वैमानिकाचा चेहरा दिसत नाही, विमानावरील खूण वाचता येत नाही. विमाने तर टाचणीच्या डोक्याएवढी आहेत. विशेष हे की, ते काढणारा गृहस्थ कधी विमानातून उडाला नव्हता. तो पन्नाशी ओलांडलेला, दम्याने जर्जर झालेला मनुष्य होता, आणि चार जिने चढावयाचे तरी त्यास विचार करावा लागे. त्याचे नाव पॉल नॅश. त्याचे चरित्र वाचकांस सादर करण्याचे योजिले आहे.

पॉल नॅश याचा जन्म ११ मे १८८९ रोजी लंडन शहरात झाला. वडील विल्यम हॅरी नॅश हे बॅरिस्टर होते. माता कॅरोलाइन ही नौदलातील एका अधिकाऱ्याची कन्या. ही बाई स्वभावाने कोमल, पण मनाने दुर्बल होती, आणि पुढे तर तिच्या मनाचा तोल पार ढळू लागला. शहरातील गजबज तिला सोसत नाही असे पाहून, विसाव्या शतकाच्या आरंभी नॅश कुटुंब लंडन सोडून बकिंगहॅमशरमधील आयव्हर हीथ या खेड्यात राहावयास गेले. तेथे बागेच्या कडेस एल्म जातीचे उंच वृक्ष होते. घरात आईचे दुखणे, वडिलांची काळजी आणि औषधोपचारात आटत चाललेला पैसा. अशा घरातला मुलगा बाहेर झाडांकडे पाहत बसे. झाडांस माणसांप्रमाणे स्वभाव असतो, काही स्थळे विनाकारण आपणास बोलावतात, ही त्याची समजूत त्या वयातली आहे, आणि ती त्याने मरेपर्यंत सोडली नाही.

आजोळचा वारसा चालवावा म्हणून त्यास नौदलात घालावयाचे ठरले होते. परंतु प्रवेशपरीक्षेत गणिताने दगा दिला. या विषयात नॅशची गती इतकी बेताची होती की, शिकवण्या ठेवूनही उपयोग झाला नाही. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतही त्याचे दिवस सुखात गेले नाहीत. शाळा संपली तेव्हा त्याच्यापाशी चित्रे काढण्याची हौस एवढीच पुंजी उरली होती. वडिलांनी त्याची आवड पाहून त्यास अडविले नाही, ही त्या गांजलेल्या गृहस्थाची मोठीच उदारता म्हटली पाहिजे. १९१० साली माता मनोरुग्णांच्या इस्पितळातच वारली. त्याच वर्षी पॉलने लंडनच्या सुप्रसिद्ध स्लेड कलाशाळेत नाव घातले.

स्लेडमध्ये त्या वेळी स्टॅन्ली स्पेन्सर, मार्क गर्टलर, नेव्हिन्सन असे पुढे नावारूपास आलेले विद्यार्थी होते, आणि हेन्री टोंक्स हे शिस्तीचे कडक गुरू होते. तेथील सारा भर मनुष्याकृतीच्या रेखाटनावर; आणि मनुष्याकृती ही नॅशला कधीच नीट साधली नाही. सुमारे वर्षभरातच तो तेथून बाहेर पडला. ही उणीव लहान नव्हती. पण पुढील हकीकत पाहता असे वाटते की, माणूस काढता येत नाही म्हणूनच माणसाचे दुःख झाडांच्या, लाटांच्या आणि मोडक्या यंत्रांच्या द्वारे सांगण्याची विद्या त्यास शोधून काढावी लागली. १९१२ साली त्याने काढलेले एक लहानसे चित्र आहे. चांदण्या रात्री समुद्राच्या लाटा उसळत आहेत, आणि त्या लाटांमधूनच पिरॅमिडांच्या कडा वर आल्या आहेत. लाट कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो हे कळत नाही. तेवीस वर्षांच्या तरुणाची ही एक कल्पनेची लहर होती. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, कारण अठ्ठावीस वर्षांनी तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटले. नॅश लढाईसाठी उतावीळ झालेल्यांपैकी नव्हता. तरी सप्टेंबरात तो आर्टिस्ट्स रायफल्स या पलटणीत दाखल झाला आणि काही काळ लंडनच्या टॉवरवर त्याने पहाराही केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे मार्गारेट ओडे हिच्याशी लग्न झाले. ही बाई जेरुसलेममध्ये जन्मलेली, एका धर्मगुरूची कन्या, आणि स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत हिरिरीने भाग घेणारी होती. पुढील बत्तीस वर्षे नवऱ्याच्या दुखण्यात, दारिद्र्यात आणि कीर्तीत तिने त्याची साथ केली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट नॅश हॅम्पशर पलटणीबरोबर बेल्जममधील ईप्रच्या आघाडीवर आला. त्या वसंतात ती आघाडी काहीशी शांत होती, आणि उद्ध्वस्त भूमीतूनही फुले व पालवी वर येत असलेली पाहून त्याने आनंदाने चित्रे काढली. २५ मे रोजी रात्रीच्या अंधारात तो एका खंदकात पडला आणि त्याची बरगडी मोडली. लढाईत जखम नाही, शौर्य नाही, नुसता पाय घसरला! त्यास इंग्लंडला परत धाडण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या तुकडीने हिल सिक्स्टी या टेकडीवर चढाई केली, आणि तीत त्याचे बहुतेक सोबती मारले गेले. जगलो तो केवळ अंधारात पाय चुकल्यामुळे, ही गोष्ट विसरणे कोणास शक्य झाले असते?

त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा त्याच आघाडीवर गेला, पण आता सरकारी युद्धचित्रकार म्हणून. मधल्या काळात पॅशनडेलची घनघोर लढाई होऊन गेली होती. पाऊस, चिखल, तोफांच्या गोळ्यांनी पडलेले आणि पाण्याने भरलेले खड्डे, आणि काड्यांसारखे उभे राहिलेले वृक्षांचे बुंधे. ज्याने झाडांवर माणसांप्रमाणे प्रेम केले, त्याने ही झाडांची कत्तल पाहिली आणि त्याचा संताप अनावर झाला. त्याने भराभर रेखाटने केली, आणि लंडनला परतल्यावर आयुष्यात प्रथमच तैलरंगास हात घातला. १९१८ सालच्या 'वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड' या त्याच्या चित्रात एकही मनुष्य नाही, एकही प्रेत नाही. तांबूस ढगांवरून सूर्य डोकावतो आहे, आणि त्याच्या प्रकाशात खड्ड्याखड्ड्यांची ओसाड जमीन व फांद्या तुटलेले बुंधे दिसतात, एवढेच. आपण नवे जग निर्माण करीत आहोत, असे चित्राचे नाव! इतका कडवट उपरोध आम्ही दुसऱ्या कोणत्याही चित्राच्या नावात पाहिला नाही. 'द मेनिन रोड' हे त्याचे दहा फुटांहून लांब चित्र वनस्पती वाळविण्याच्या एका शेडमध्ये बसून त्याने १९१९ साली पुरे केले. चित्रकार म्हणून त्याचे नाव झाले ते तेव्हापासून.

त्या महायुद्धात विमाने होती, आणि आकाशात लढायाही होत. पण नॅशची नजर तेव्हा चिखलावरच खिळलेली होती. त्याच सेंट पॉल्स शाळेत त्याच्या मागून शिकलेला एक भारतीय मुलगा मात्र त्या आकाशात होता, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय हा तो तरुण. १९१७ च्या डिसेंबरात अपघातात जखमी होऊन पडला असता त्याने विमानांची पुष्कळ रेखाटने केली, आणि ती आजही जपून ठेवलेली आहेत. जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा हवाई विजय त्याच्या नावावर लागले, आणि २२ जुलै रोजी फ्रान्सच्या आकाशात लढता लढता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो पडला. नॅशचे आणि त्याचे रस्ते कधी एकत्र आले नाहीत. एकास आकाश लाभले पण आयुष्य लाभले नाही. दुसऱ्यास आयुष्य लाभले, आणि आकाश त्याच्याकडे वीस वर्षांनी आले.

या मधल्या वीस वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यात आटोपतो. युद्ध संपले तरी नॅशच्या मनातले संपले नव्हते. १९२१ साली वडिलांच्या आजारपणात तो स्वतःच वारंवार बेशुद्ध पडू लागला, आणि वैद्यांनी युद्धाच्या धक्क्याचे निदान केले. विश्रांतीसाठी तो डिमचर्च या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिला. तेथे समुद्र जमिनीत शिरू नये म्हणून एक लांबच लांब भिंत बांधलेली आहे. ती भिंत आणि तिच्यावर येऊन आदळणाऱ्या लाटा त्याने अनेकदा रंगविल्या; त्या लाटा पाण्याच्या नसून पत्र्याच्या वाटाव्यात इतक्या ताठ आणि थंड आहेत. पुढे नव्या पंथाच्या चित्रकारांत तो अग्रणी झाला. १९३३ साली 'युनिट वन' या मंडळाच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला, आणि १९३६ साली लंडनमध्ये अतिवास्तववादी चित्रांचे जे मोठे प्रदर्शन भरले त्याच्या व्यवस्थापकांतही तो होता. याच सुमारास दम्याने त्यास गाठले. हवापालटासाठी देशोदेशी हिंडूनही तो हटला नाही. १९३१ साली पत्नीने त्यास एक लहानसा कोडॅक कॅमेरा दिला होता. चालणे कमी होत गेले तसतसा त्या कॅमेऱ्याचा उपयोग वाढत गेला.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा नॅश पन्नास वर्षांचा होता. तो लंडन सोडून ऑक्सफर्ड येथे राहावयास आला. सरकारने युद्धचित्रकारांची निवड करण्यासाठी केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. या समितीने १९४० साली नॅशची नेमणूक हवाई खात्याकडे केली. नेमणूक त्याच्या मनासारखी होती. उडण्याची स्वप्ने त्यास लहानपणापासून पडत. विमानातून वर जावे, ढगांच्या वरचे जग पाहावे, अशी त्याची उत्कट इच्छा होती. परंतु त्याच्या छातीची अवस्था पाहता ते अशक्यच होते. तेव्हा जमिनीवर उभी असलेली विमाने पाहणे, त्यांची छायाचित्रे घेणे, आणि घरी बसून जलरंगात ती उतरविणे, हा त्याने क्रम ठेवला.

ही चित्रे पाहून हवाई खात्यातील वरिष्ठ अधिकारी अस्वस्थ झाले. त्यांना वैमानिकांच्या तसबिरी हव्या होत्या. एरिक केनिंग्टन हा चित्रकार रंगीत खडूंनी वैमानिकांचे भारदस्त चेहरे काढी, ते त्यांना पसंत होते. विमान काढावयाचे तर त्याचा खिळान्‌खिळा जागच्या जागी असावा, ही त्यांची दुसरी अपेक्षा. नॅशच्या चित्रांत माणूस औषधालाही नसे, आणि विमाने पाहावी तर ती यंत्रे न वाटता कोणी अजस्र जीव वाटत. कोणते विमान उन्हात अंग टाकून पहुडले आहे, तर कोणते नाक वर करून हुंगते आहे. प्रत्येक जातीच्या विमानास आपापले व्यक्तिमत्त्व असते असे त्याचे ठाम मत होते, आणि त्यावर त्याने एक लेखही लिहिला. अधिकाऱ्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. रोज सहकाऱ्यांचे मृत्यू ऐकणाऱ्या दलास आपल्या माणसांची मुखे चित्रांत दिसावीत असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु परिणाम हा झाला की, १९४० सालच्या अखेरीस नॅशची नोकरी गेली. विमानयुद्धाच्या ऐन धुमाळीत, त्या युद्धाचा चित्रकार बेकार झाला! क्लार्क यांस ही बातमी कळताच त्यांनी खटपट करून जानेवारी १९४१ मध्ये समितीच्या पैशांतून पाचशे पौंड बाजूस काढविले, आणि आकाशातील युद्धावर नॅशने आपल्या इच्छेप्रमाणे चित्रे काढावीत अशी योजना केली. हे पाचशे पौंड मिळाले नसते तर पुढील दोन्ही चित्रांची आशाच नव्हती.

ऑक्सफर्डजवळ काउली म्हणून मोटारींच्या कारखान्याचे गाव आहे. युद्धकाळात तेथे पडलेल्या विमानांचे सांगाडे आणून टाकीत, व त्यांतील ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा विमानांच्या कामी लावीत. नॅश तेथे आपला कॅमेरा घेऊन गेला. मोडक्या पंखांचे, फाटक्या पत्र्यांचे ते अफाट रान पाहताच त्यास समुद्र दिसला. लाटा उसळत आहेत, एकीवर एक कोसळत आहेत, किनाऱ्यावर येऊन फुटत आहेत. मात्र एकही लाट हलत नाही! त्यातून १९४०–४१ मध्ये त्याचे पाच फूट लांबीचे चित्र निर्माण झाले. त्याचे नाव त्याने मुद्दाम जर्मन भाषेत ठेवले, 'टोटेस मेअर', म्हणजे मृत समुद्र. जर्मन लोकांना ते दाखवावे, समुद्र ओलांडून आलेल्या तुमच्या सेनेचा हा असा समुद्र झाला असे त्यांना कळावे, ही त्याची इच्छा होती. चित्रात निळसर चांदणे पडले आहे. हिरवट-करड्या पत्र्यांच्या लाटांवर काळे क्रूस व एखादी चाकाची कडी दिसते. उजव्या बाजूस दूर एक पांढरे घुबड पंख पसरून खालून उडत चालले आहे. तेवढीच काय ती हालचाल. १९१२ सालच्या पिरॅमिडांच्या आणि डिमचर्चच्या ताठ लाटा येथे एकत्र येऊन मिळाल्या आहेत. एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. काउलीच्या त्या ढिगाऱ्यात ब्रिटिश विमानांचेही सांगाडे होते. नॅशने ते चित्रात घेतले नाहीत. युद्धात असलेल्या राष्ट्राच्या चित्रकाराने असे केले याचे नवल नाही, पण सत्याचा तेवढा भाग त्याने कुंपणाबाहेर ठेवला हेही खरे. त्या काळी लंडनच्या नॅशनल गॅलरीतील जुनी मोलाची चित्रे बाँबच्या भीतीने वेल्समधील एका खाणीत नेऊन ठेवली होती, आणि रिकाम्या दालनांत युद्धचित्रे मांडीत. तेथे १९४१ साली हे चित्र लोकांपुढे आले, आणि क्लार्क यांनी त्यास त्या युद्धातील उत्कृष्ट चित्राचा मान दिला.

आता मुख्य चित्राकडे वळू. त्यासाठी प्रथम ती लढाई समजून घेतली पाहिजे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. इंग्लंडवर स्वारी करावयाची तर आधी आकाश आपल्या ताब्यात हवे, म्हणून जर्मन हवाई दलाने मारा सुरू केला. १० जुलैपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ही लढाई चालली. हाइंकेल, डॉर्नियर, युंकर्स अशी जड बाँबफेकी विमाने शिस्तीने रांगा धरून येत. त्यांच्या वर व बाजूस मेसरश्मिट लढाऊ विमानांचा पहारा असे. किनाऱ्यावरील रडारच्या मनोऱ्यांवरून सूचना मिळताच ब्रिटिश लढाऊ विमाने वर चढत. शक्य तेव्हा स्पिटफायरांनी पहारेकऱ्यांशी झुंजावे आणि हरिकेनांनी बाँबफेकी विमानांवर तुटून पडावे, अशी योजना असे. मेसरश्मिटमध्ये पेट्रोल इतके बेताचे असे की, लंडनवर थोडी मिनिटे घालविताच त्यास परतावे लागे, आणि मग त्याच्या भरवशावर आलेली जड विमाने उघडी पडत. या लढाईत ब्रिटिश लढाऊ दलाचे ५४४ वैमानिक कामी आले.

ही लढाई केंट परगण्यातील शेतकऱ्यांस कशी दिसली? माणसे दिसत नव्हती; विमानेही क्वचितच. दिसत होत्या त्या निळ्या आकाशावर उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा. फार उंचावर हवा अतिशय थंड असते. एंजिनाच्या धुरांड्यातून निघालेली वाफ तेथे क्षणात गोठून बर्फाच्या सूक्ष्म कणांची रेघ बनते. विमान वळले की रेघ वळते. पाठलाग सुरू झाला की रेघांच्या गाठी पडतात. कोणी मारला जातो, कोणी मारतो, आणि खाली त्याची नुसती अक्षरे उमटतात. याच अक्षरांचे चित्र काढावे, हे नॅशला सुचले, आणि त्याची सारी थोरवी आम्हांस या एका सुचण्यात दिसते. ज्यास विमानात बसणे शक्य नव्हते त्याने खोटा आव आणून वैमानिकाच्या डोळ्यांनी लढाई रंगविली नाही. सर्व उन्हाळाभर माना वर करून पाहत राहिलेल्या हजारो लोकांच्या डोळ्यांनाच त्याने अधिक उंचीवर नेऊन बसविले.

'बॅटल ऑफ ब्रिटन' हे चित्र १९४१ साली पूर्ण झाले. ते सहा फूट लांब व चार फूट उंच आहे. खाली उन्हाळ्याने करपलेली जमीन, तीमधून वळणे घेत समुद्रास मिळणारी नदी, पलीकडे खाडी व दूरवर परक्या भूमीचा किनारा. ती नदी पाहून टेम्सची आठवण होते, तरी हे अमुक एका दिवसाचे किंवा अमुक एका गावाचे चित्र नव्हे. त्या चार महिन्यांचे सर्व आकाश त्यात एकवटले आहे. वरच्या उजव्या अंगास शत्रूच्या नव्या तुकड्या काटेकोर रांगा करून येत आहेत. त्यांस सामोऱ्या जाणाऱ्या पांढऱ्या रेषा मध्यभागी एखाद्या प्रचंड फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे वर उमलल्या आहेत. एका बाजूस सरळ, करकरीत रांगा. दुसऱ्या बाजूस मोकळी, गोलाकार वळणे. कोणाची सहानुभूती कोठे आहे हे सांगावयास चित्रकारास कोणत्याही निशाणाची गरज पडली नाही. त्या शुभ्र पाकळ्यांमधून काळ्या धुराची एक जाड रेघ वेडीवाकडी होत समुद्राकडे उतरते. एक विमान पडते आहे. कोणाचे, हे दिसत नाही. जवळच एक हवाई छत्री तरंगत आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्याखाली कोणी आहे किंवा कसे, हे कितीही निरखले तरी समजत नाही. तारांनी जमिनीस बांधलेले संरक्षक फुगे ढगांशी स्पर्धा करीत तरंगताहेत. चित्र सुंदर आहे, आणि त्याचे सौंदर्यच मनास टोचते. ज्या रेषेवर आपली नजर आनंदाने फिरते, तिच्या टोकाशी विशी-बाविशीतला एक मुलगा बसलेला होता.

या चित्राने वरिष्ठांचा राग किती शमला असेल कोण जाणे. जनतेने मात्र ते आपलेसे केले. आज ते लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहात आहे.

त्याच संग्रहात नॅशचे आणखी एक चित्र आहे, 'बॅटल ऑफ जर्मनी'. ते १९४४ सालचे. चार वर्षांत युद्धाचा काटा फिरला होता. आता बाँबफेकी विमाने पश्चिमेकडून पूर्वेस जात होती. कॉव्हेंट्री जळाले ते १९४० साली, हँबुर्ग जळाले ते १९४३ साली, आणि हँबुर्गात मेले ते हजारो लोकही बहुतेक नागरिकच होते. समितीने नॅशकडून या हल्ल्यांचेही चित्र मागविले. त्याने जे पाठविले ते पाहून क्लार्कसारखा चाहताही गोंधळला. एका बाजूस चंद्राच्या फिकट प्रकाशात एक शहर निमूट पडले आहे. त्यामागे धुराचा महाकाय स्तंभ वाढत चालला आहे. दुसऱ्या बाजूस रंगांचे नुसते स्फोट आहेत, आकार ओळखू येत नाहीत. पुढे पांढऱ्या चकत्या तरंगत खाली येत आहेत. त्या छत्र्यांच्या आहेत, पण कोणाच्या, हे येथेही सांगता येत नाही. 'बॅटल ऑफ ब्रिटन' मध्ये निदान फूल होते. येथे विजय आपला आहे, आणि तरी चित्रात विजयाचा मागमूस नाही. ज्याचे डोळे १९१७ साली जळलेल्या भूमीने भाजले होते, तो शत्रूचे शहर जळताना पाहून टाळ्या पिटू शकला नाही, असे आम्ही समजतो. कित्येकांस हे चित्र समजत नाही म्हणून आवडत नाही. आम्हांस ते पुरते समजले असे नाही, पण त्यावरून नजर काढणे कठीण जाते.

शेवटच्या वर्षांत नॅशची शक्ती झपाट्याने ओसरली. ऑक्सफर्डजवळील बोअर्स हिल येथील एका स्नेह्याच्या बागेतून दूर अंतरावर विटनहॅम क्लंप्स या वृक्षाच्छादित दोन टेकड्या दिसत. तरुणपणी पायी हिंडून त्याने त्या रंगविल्या होत्या. आता तेथवर जाणे होईना, म्हणून तो दुर्बिणीतून त्या पाही आणि चंद्र-सूर्यासह रंगवी. महाकाय फुले आकाशातून उडत चालली आहेत, अशीही काही चित्रे त्याने याच काळात काढली, आणि उडण्याची आपली जन्मभराची ओढ व मृत्यू यांचा संबंध एका निबंधात मांडला. सूर्यफूल व सूर्य यांवर चार मोठी चित्रे काढण्याचा त्याचा संकल्प होता. त्यांतील दोन १९४५ साली हातावेगळी झाली. बाकीची राहून गेली.

११ जुलै १९४६ रोजी बोर्नमथनजीक बॉस्कम येथे, समुद्रकाठी हवापालटासाठी गेला असता, पॉल नॅश झोपेतच मरण पावला. त्याचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. बकिंगहॅमशरमध्ये लँग्ली येथील सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यास मूठमाती देण्यात आली. दगडात कोरलेला एक मिसरी ससाणा त्याने पूर्वी आपल्या एका चित्रात रंगविला होता. तो त्याच्या थडग्यावर ठेवण्यात आला.